माळवदाचे शहाणपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदिरानगर येथे केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी छपरासारखा रुक्ष विषय मी का निवडला, असे आपणांस वाटेल. कारण घरगुती आहे. लातूरकडचे घर बंद करून आई आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा तिला वरच्या मजल्यावरची खोली दिली. एप्रिलमधील एका रात्री ती म्हणाली, "अरे, हे छत आहे की तवा? चूल विझली तरी तापलेलाच!" पौषात तीच खोली पहाटे गारठून जाई.

आईचे गाऱ्हाणे शास्त्राला धरूनच होते. काँक्रीटचे छत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. हिवाळ्यात निरभ्र आकाशाखाली घरची ऊबही तेच बाहेर घालवते.

गावच्या घरावर माळवद होते. तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्याखाली उन्हाळा सुसह्य होई नि थंडीही बोचत नसे. परंतु दर पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीची भर पडत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशी छपरे आणि दगडी भिंती कोसळून हजारो माणसे गाडली गेली. ज्या मातीने पिढ्यांना सांभाळले, तिचाच भार जीवघेणा ठरला. तेव्हा माळवदाचा गुण घ्यावयाचा, भार नव्हे.

तो गुण म्हणजे कोंडलेली, स्थिर हवा. थंड देशांत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या घरी पोटमाळ्याच्या जमिनीवर काचतंतूंची किंवा कागदाच्या लगद्याची जाड गादी अंथरलेली असते, ती याच तत्त्वावर. पाच सेंटिमीटर थर्मोकोल उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढे अडविण्यास काँक्रीट जवळजवळ दोन मीटर जाड लागेल! मात्र तेथे आधी फटी बुजवाव्या लागतात आणि वळचणीची हवा मोकळी ठेवावी लागते. अन्यथा बाष्प साचून लाकूड कुजते.

आमच्या घरी आम्ही प्रथम गच्चीला पांढरा चुना दिला. खर्च थोडा, फरक तत्काळ. कारण पांढरा रंग ऊन परतवतो. पण हिवाळ्याच्या गारठ्यावर त्याचा उपाय चालेना. मग अभियंत्याकडून छताची ताकद तपासून घेऊन, गळती बंद करून, त्यावर उष्णतारोधक फळ्या घातल्या व वर फरशी बसविली. आच्छादन छताच्या वरून केल्याने ऊन छतात शिरण्यापूर्वीच अडते. उघडा थर्मोकोल मात्र खोलीत कधीही लावू नये. तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

पुढच्या एप्रिलमध्ये आईला विचारले, "झोप लागते का?" ती म्हणाली, "माळवदाखाली निजल्यासारखं वाटतं रे."

परमुलखात येताना माळवद बरोबर आणता येत नाही; त्यामागचे शहाणपण तेवढे आणता येते. ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या माथ्यावर असू द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.