चालत्या यंत्राचे अर्थिंग

आमच्या कुहीकडे मिरचीच्या वावरात मोटारपंप बसवला की शेजारी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की त्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते. कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पण यंत्रच रोज जागा बदलत असेल, तर खड्डा त्याच्यामागे कसा जाणार?

शेजारच्या उमरेड तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. अशा खाणींत माती-कोळसा उचलणारी मोठी शॉव्हेल यंत्रे ३,३०० किंवा ६,६०० व्होल्टवर चालतात. माझी नोकरी अशाच यंत्रांच्या विजेवर गेली. त्यांना वीज मिळते ती जमिनीवरून ओढत न्यायच्या जाड केबलमधून. तिला ट्रेलिंग केबल म्हणतात. तिच्यात तीन फेजबरोबर अर्थिंगची तारही असते. यंत्राच्या सांगाड्याला खात्रीने जमिनीशी जोडणारा मार्ग तोच. लोखंडी पट्टे जमिनीला टेकलेले असतात, पण कोरड्या दगडावर त्यांचा भरवसा नाही.

समजा, आतले इन्सुलेशन फुटले आणि वीज सांगाड्यात उतरली. अर्थिंगच्या तारेचा रोध एक ओहम धरा. त्यातून हजार अँपिअर वाहिले, तर सांगाड्यावर हजार व्होल्ट येतात. पन्नास वाहिले, तर पन्नासच. आत बसलेला चालक बहुधा वाचतो. धोका असतो तो जमिनीवर उभा राहून शिडीला हात लावणाऱ्याला. म्हणून सबस्टेशनमधल्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल थेट जमिनीला न जोडता मध्ये रेझिस्टर घालतात. उघड्या खाणीत ११०० व्होल्टच्या वर, ११ हजार व्होल्टपर्यंतच्या पुरवठ्यात हा दोषप्रवाह ५० अँपिअरच्या आत राहावा, अशी मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी घातली. २०२३ मध्ये ते नियम नव्याने आले. प्रवाह मर्यादित झाला, तरी रिलेने तो ओळखून पुरवठा तात्काळ तोडलाच पाहिजे.

खरी मेख पुढे आहे. केबलवर दगड पडतो, ती ओढताना पिळवटते. फेजची तार तुटली तर यंत्र अडते आणि सगळे धावत येतात. अर्थिंगची तार तुटली तर काहीच होत नाही! यंत्र पूर्वीसारखेच चालते, संरक्षण मात्र गेलेले असते. यासाठी केबलमध्ये पायलट नावाची आणखी एक बारीक तार असते. तिच्यातून आणि अर्थिंगच्या तारेतून अगदी थोडा प्रवाह सतत फिरवतात. तो खंडित झाला, की पुरवठा आपोआप बंद.

इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. पावसाळ्यात जोडात ओल शिरते, रिले वारंवार ट्रिप होतो. डंपर रांगेत उभे असतात. मग कोणी तरी सुचवतो, ‘साहेब, तेवढा बायपास करून टाकू.’ माझे उत्तर ठरलेले असे: आधी केबल तपासा. ट्रिप होणे म्हणजे बिघाड दाखवणारा पहारेकरी जागा आहे. त्याचे तोंड बांधले, तर पुढची सूचना माणसाच्या हातालाच मिळते.

घरच्या विजेलाही हेच लागू आहे. ३० मिलिअँपिअरला तुटणारे ईएलसीबी घरात बसवा आणि अधूनमधून त्याचे टेस्ट बटण दाबून पाहा. ते सारखे पडत असेल तर काढून फेकू नका. गळती कुठे आहे ते शोधा.