मस्तकावरील शस्त्रक्रियेनंतरची वेदना



मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या आप्ताच्या उशाशीं बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, ह्यांना दुखत असेल काय? ह्या प्रश्नाला पुष्कळ वर्षें ‘फारसें नाहीं’ असें उत्तर मिळत असे. त्या उत्तराची आज थोडी झडती घ्यावी असें मीं योजिलें आहे.

त्या उत्तरास आधार होता खरा. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना जाणण्याची शक्तीच नाहीं. कॅनडांतील माँट्रियल येथें 1934 सालीं मज्जासंस्थेच्या रोगांसाठीं संस्था स्थापन करणारे डॉ. वाइल्डर पेनफील्ड हे केवळ मस्तकाची त्वचा बधिर करून, जाग्या रुग्णाशीं बोलत बोलत त्याच्या मेंदूवर शस्त्र चालवीत असत. (1949 सालीं वेल्लोर येथें आपल्या देशांतील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चांडी हे त्यांच्याच हाताखालीं शिकलेले.) परंतु मेंदूपर्यंत पोंचण्याची वाट बधिर नव्हे. मस्तकाची त्वचा, तिच्याखालचे स्नायु, अस्थीवरील पडदा व मेंदूचें बाहेरचें जाड आवरण हीं सर्व दुखणारींच आहेत. मानेच्या बाजूनें कवटी उघडावी लागली, तर तेथील जाड स्नायु कापल्यामुळें दुखणें अधिक होतें. 1996 सालीं इटलींतील वैद्यांनीं 37 रुग्णांची नीट विचारपूस केली, तेव्हां शंभरांत साठांना वेदना होत असल्याचें व त्यांपैकीं दोन-तृतीयांशांची वेदना मध्यम ते तीव्र असल्याचें आढळलें. विचारलें म्हणून कळलें!

मग औषध देतांना शस्त्रवैद्य हात कां आंखडीत? निष्ठुरतेनें नव्हे, भयानें. मॉर्फीनसारख्या औषधानें गुंगी येते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात व श्वास मंदावतो. श्वास मंदावला कीं रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांचतो, मेंदूंतील रक्तवाहिन्या फुगतात आणि कवटीच्या बंद पेटींत दाब वाढतो. शिवाय परिचारिका वरचेवर रुग्णास नांव विचारते, डोळ्यांत दिव्याचा झोत टाकते, तें मेंदूची खुशाली कळावी म्हणून. औषधाची गुंगी कोणती आणि आंतील रक्तस्रावाची कोणती, हा भेद तिला करतां आला पाहिजे. म्हणून सौम्य समजलें जाणारें कोडीन दीर्घकाळ मान्यता पावलें. पण कोडीनचें यकृतांत मॉर्फीन झालें तरच त्याचा पुरता गुण येतो, आणि ही शक्ति जन्मतःच माणसामाणसांत भिन्न असते. एकाला कांहींच उतार पडत नाहीं, तर दुसऱ्यास तीच मात्रा भारी होते.

इकडे वेदनाहि निरुपद्रवी नव्हे. तिनें रक्तदाब चढतो व ताज्या जखमेंत पुन्हां रक्तस्राव होण्याचें भय उत्पन्न होतें. म्हणून आतां एका जबर औषधावर न विसंबतां अनेक लहान उपाय एकत्र योजितात. भुवईपासून कानामागून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत प्रत्येक बाजूस सहा नसा आहेत. त्या सुईनें बधिर केल्या म्हणजे कित्येक तास आराम पडतो. पॅरासिटॅमॉल हें दुखण्याची वाट न पाहतां ठराविक वेळीं देतात. एवढ्यानें न भागल्यास श्वासावर नजर ठेवून मॉर्फीनच्या वर्गांतील औषध थोड्या थोड्या मात्रेनें.

तथापि मात्रा ठरवावयाची कशावरून? शून्यापासून दहापर्यंत आंकडा सांगावा, अशी रीत आहे. ज्याची वाचा गेली आहे त्याच्या कपाळाची आठी, कण्हणें, पट्टीकडे जाणारा हात हींच त्याची भाषा, आणि ती परिचारिकेच्या आधीं घरच्या माणसाला समजते. आपल्या घरांतून मुकाट्यानें सोसणें हें पुण्य मानणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. त्यांना सांगावें कीं, वेदनाशामक औषध घेणें श्रद्धावंतास निषिद्ध नाहीं, असा खुलासा पोप बारावे पायस ह्यांनीं 1957 च्या फेब्रुवारींतच डॉक्टरांपुढें केला आहे. शिवाय रुग्ण गप्प राहिला तर वैद्याला मिळणारी बातमीच तुटते.

जखमेचें दुखणें साधारणपणें दिवसेंदिवस उतरतें. तें एकाएकीं वाढलें, अथवा ओकारी, ग्लानि, ताप, हातापायाची अशक्तता दिसली, किंवा जखमेंतून वा नाकांतून पाण्यासारखा द्रव गळूं लागला, तर गोळी देत न बसतां रुग्णालय गांठावें. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन हीं दुकानांत सहज मिळतात. पण त्यांनीं रक्त गोठण्यास अडथळा येतो, यास्तव शस्त्रवैद्यास विचारल्यावांचून देऊं नयेत. कांहींची डोकेदुखी महिनोन्महिने रेंगाळते. अशांनीं महिन्यांतून पंधरा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, तर पुढें त्या गोळ्यांमुळेंच डोकें दुखूं लागतें, आणि मग त्या सोडविण्यासाठीं निराळे उपचार करावे लागतात.