मनाची ठेच

ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून गिरगांवच्या रस्त्यानें चालूं लागलें कीं थोड्याच वेळांत सेंट तेरेसाचें चर्च दृष्टीस पडतें. रोज तेथून कचेरीस जाणाऱ्या गृहस्थास ती इमारत परिचयाची असते. परंतु आंत जाणारा भाविक आपल्या मनाची झडती कोणत्या कसोटीनें घेतो, याचा विचार त्यानें क्वचितच केलेला असतो.

ती कसोटी फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कैसरिया नगरांत फेलिक्स नांवाच्या रोमन सुभेदारापुढें पौल आरोपी म्हणून उभा होता. आपल्या बचावांत त्यानें सांगितलें कीं, देवासंबंधीं व माणसांसंबंधीं आपलें मन सदैव निर्दोष राहावें, अशी आपण खटपट करीत असतों. मूळ ग्रीक शब्दांत ठेचेची कल्पना आहे, आणि तिचे अर्थ दोन: स्वतः ठेच खाऊं नये, व दुसऱ्याच्या वाटेंत धोंडा होऊं नये. करिंथ येथें मूर्तीस वाहिलेल्या मांसाविषयीं वाद निघाला, तेव्हां त्यानें हाच न्याय लावला. खाण्यांत पाप नसलें, तरी दुर्बळ बंधूचें मन दुखावत असेल तर तें वर्ज्य करावें.

या दोन्ही अर्थांची कठीण परीक्षा महाराष्ट्रांत एका घरांत झाली. कवि नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. जें मनास पटलें तें लपवून ठेविलें असतें, तर घर शाबूत राहिलें असतें. पण देवापुढें तें मन खोटें ठरलें असतें. त्यांनीं पहिली ठेच टाळली. दुसरी मात्र टळली नाहीं. पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि त्या काळचें दुःख त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत नोंदून ठेविलें आहे. पतीचा शीघ्रकोपी स्वभावही त्यांनीं झांकला नाहीं. तेव्हां टिळकांचें मन माणसांसंबंधीं निर्दोष होतें काय, हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

त्याचें उत्तर पुढील वर्तनांत शोधावें लागतें. लक्ष्मीबाई पुन्हां संसारास आल्या तेव्हां त्यांचें सोंवळें व स्वतंत्र स्वयंपाक चालूं राहिला. ज्या पतीनें जातिभेद टाकला होता, त्यानें तो टाकण्याची सक्ति पत्नीवर केली नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा विचार लक्ष्मीबाईंनीं स्वतःच केला, स्वतःच तो सोडला, आणि १९०० मध्यें बाप्तिस्मा घेतला. करिंथच्या मंडळीस सांगितलेला धडा असा एका मराठी चुलीपाशीं गिरविला गेला.

यावरून दिसतें कीं, निर्दोष मन म्हणजे कधींच न चुकलेलें मन नव्हे. आपल्या सत्यासाठीं कोणास दुःख झालें, हें जें विसरत नाहीं आणि त्या दुःखावर दुसरी जबरदस्ती लादीत नाहीं, तें मन निर्दोषतेच्या वाटेवर असतें. वेदीपाशीं दान आणलें असतां रुष्ट बंधूची आठवण झाली, तर दान तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा, अशी येशूची शिकवण आहे. चाळींतील माणसास त्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. बहुधा तो बंधु शेजारच्याच खोलींत असतो.