झील कोण धरणार?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आपला परिसर, त्याचा इतिहास आणि तंत्रज्ञान' असा विषय दिला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा एखादं ॲप दाखवेन अशी त्यांची अपेक्षा असणार. ॲप करता येईल. लालबाग-परळच्या नकाशावर बोट ठेवलं की तिथल्या गिरणीचा जुना फोटो उघडेल, एवढं काम आपल्यातले दोघं-तिघं महिनाभरात करतील. पण आज मी वेगळी मागणी घेऊन उभी आहे. आपल्या शाळेत पोवाडा व्हावा, आणि तो गिरणगावाचा असावा.

आपल्यासाठी पोवाडा म्हणजे गॅदरिंग. भाड्याचे फेटे, डफ, प्रतापगड नाहीतर सिंहगड आणि टाळ्या. अफझलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा शिवकाळातले मानले जातात. कितीतरी पिढ्या ते गळ्यातून गळ्यात गेले. १८९१ मध्ये हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे पोवाडे जमवून छापले. हे ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला नाव आहे ते त्यांचंच. म्हणजे मराठी इतिहास गाण्यातून जपण्याच्या कामाचा एक धागा आपल्या शेजारूनच जातो.

पोवाडा राजांपुरता कधीच नव्हता. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तो कष्टकऱ्याच्या नजरेतून. पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले, असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते अण्णा भाऊ वाटेगावाहून चालत मुंबईला आले, गिरणीत राबले आणि त्यांनी 'मुंबईची लावणी' लिहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. गावाला राहिलेल्या बायकोच्या आठवणीपासून निघून ती बेळगाव, कारवारच्या दुराव्यापर्यंत जाते. खानावळीत जेवणाऱ्या, गाळ्यात वीस जणांत झोपणाऱ्या माणसाला राजकारण त्याच्याच घराच्या भाषेत कळलं. भाषणानं हे झालं नसतं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पोवाड्याची मांडणी. शाहीर पुढे असतो, डफ त्याच्या हातात. मागे तुणतुणं, झांज आणि झीलकरी. शाहिराची ओळ संपत आली की झीलकरी वरच्या सुरात 'जी जी' करत ती उचलतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, लोकांकडे बघतो, मध्येच गाणं थांबवून गद्यात दोन गोष्टी सांगतो आणि पुन्हा चढ्या लयीत गाऊ लागतो. झील नसेल तर शाहीर चार कडव्यांत थकेल. हा इतिहास एकट्यानं सांगता येत नाही, अशीच त्याची रचना आहे.

याचा प्रत्यय मला गेल्या वर्षी आला. आमची चाळ रिकामी व्हायची होती. पुनर्विकासाआधीचा शेवटचा गणपती. साचेखात्यात आयुष्य गेलेले एक आजोबा मांडवात डफ घेऊन बसले आणि त्यांनी गिरणीवरची स्वतः जुळवलेली कडवी म्हणायला सुरुवात केली. भोंगा, पाळी, मुकादम, दारावर ताटकळणारा बदली कामगार. पहिल्या दोन कडव्यांना लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. तिसऱ्याला मागून एक जण ओरडला, "अहो, दोन साचे नव्हे, चार! आम्हाला चार दिले होते!" मग एक आजी म्हणाल्या, "आमच्या वाइंडिंगच्या बायका कुठं आहेत तुमच्या गाण्यात?" आजोबा थांबले, हसले, म्हणाले, "सांगा, घालतो." आणि आजी सांगत सुटल्या. त्यांच्या घरच्यांनीही ते कधी ऐकलं नव्हतं.

मग संपाचं कडवं आलं. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपण तेव्हा पाळण्यात, नाहीतर जन्मायचे होतो. आमच्या मजल्यावर एक काका शेवटपर्यंत संपात राहिले आणि समोरचे काका दीड वर्षानं कामावर परत गेले. चाळीस वर्षं दोघं एकमेकांच्या लग्नकार्यांना गेले, पण या विषयावर अवाक्षर काढलं नाही. त्या रात्री परत गेलेले काका उठून म्हणाले, "माझी मुलगी आजारी होती, हेही गा." दुसऱ्या काकांनी मान खाली घातली. गळाभेट वगैरे झाली नाही. पण झील आली तेव्हा दोघांचेही आवाज त्यात होते.

ॲपमधल्या फोटोला कुणी "दोन नव्हे, चार" म्हणत नाही. माणूस समोर गात असला की ऐकणाऱ्याला दुरुस्त करावंसं वाटतं, भर घालावीशी वाटते, कधी भांडावंसंही वाटतं. इतिहास तिथे जिवंत होतो.

पोवाडा वाढवून सांगतो हे मला ठाऊक आहे. शौर्य त्याला आवडतं, हार त्याला जड जाते, आणि आपल्या भागाचा बराचसा इतिहास हरण्याचा आहे. म्हणून दोन पथ्यं पाळावी लागतील. तारीख, ठिकाण, आकडा कागदावर तपासून घ्यायचा. आणि डबा करणाऱ्या खानावळवाल्या बाया, गिरणीतल्या बायका, बदली कामगार यांना कडवं मिळाल्याशिवाय पोवाडा पुरा झाला असं म्हणायचं नाही.

विषयांना तोटा नाही. मुलांना रविवारची सुट्टी आवडते; ती मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारून लढा दिला आणि १८९० मध्ये ती मिळाली. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, त्या मोर्चात आपल्याच गल्ल्यांमधली माणसं होती. ज्या जमिनीवर गिरणी होती, तिथल्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर मी आज नोकरी करते. हेही एक कडवं आहे, आणि ते सोपं नाही.

तर मागणी अशी. येत्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी अर्ध्या तासाचा गिरणगावाचा पोवाडा सादर करावा. डफ, तुणतुणं आणि झांज आपल्या बॅचनं घेऊन द्यावी. मराठीच्या बाईंनी शब्दांवर आणि इतिहासाच्या सरांनी तपशिलांवर नजर ठेवावी. रेकॉर्डिंग आणि टिपणं नीट साठवण्याचं काम माझ्याकडे. तंत्रज्ञान तिथे उपयोगी पडेल.

तुम्ही एवढंच करा. घरी किंवा शेजारी गिरणीत काम केलेलं कुणी असेल, तर त्यांचं नाव आज दाराशी ठेवलेल्या वहीत लिहून जा. मुलं त्यांच्याकडे जातील. ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. चाळी रिकाम्या होत आहेत, कुणी विरारला गेलं, कुणी गावी. मांडवातले आमचे आजोबा या दिवाळीत गेले. त्यांची अकरा कडवी माझ्याकडे आहेत. बारावं, वाइंडिंगच्या बायकांचं, ते जुळवणार होते. ते आता आपल्याला जुळवायचं आहे. त्या आजी विरारला आहेत, आणि अजून छान बोलतात.