ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर : टर्बो इंजिन घ्यावे की साधे?



गळीत हंगामाच्या तोंडावर आपल्या लातूर-नांदेड भागात ट्रॅक्टरची खरेदी वाढते. त्या वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : ऊस ओढायचा आहे, चढाचा रस्ता आहे, तर टर्बो इंजिनाचा ट्रॅक्टर घ्यावा की साध्या इंजिनाचा? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

डिझेल जळण्यास हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावरच काम भागवावे लागते. टर्बोमध्ये बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक अश्वशक्ती मिळते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज नव्या मालट्रकांमध्ये टर्बो सर्रास असतो. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे तिकडेही टर्बो वाढला. निवड करायची ती मुख्यतः ५० अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरांत.

उंचीचा परिणाम किती?

उंचावर हवा विरळ होते. ढोबळमानाने दर १०० मीटरला साध्या इंजिनाची ताकद एक टक्का घटते. लडाखमधील खारदुंग ला खिंड सुमारे ५,३५९ मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. अशा ठिकाणी टर्बोची किंमत कळते. आपले नांदेड मात्र गोदावरीकाठी सुमारे ३६० मीटरवर आणि लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर साधारण ५०० ते ६५० मीटरवर आहे. म्हणजे लातूरकडे घट पाच-सहा टक्क्यांची. मार्चनंतरच्या उन्हाचाही असाच परिणाम होतो. ४० अंश तापलेली हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ५ टक्के विरळ असते. तेव्हा केवळ उंचीसाठी आपल्याकडे टर्बोवर पैसे घालण्याचे कारण नाही.

ओढीचा हिशेब

ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन वजन धरू. हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी आहे. प्रत्यक्षात नोंदणी पुस्तकात लिहिले आहे तेवढेच वजन भरावे. वीस फुटांना एक फूट असा चढ असेल तर चढासाठी एक टन आणि चाकांच्या घर्षणासाठी सुमारे ४०० किलो ओढ लागते. ५० अश्वशक्तीपैकी ४२ चाकांपर्यंत पोचली, तर हा भार ताशी ८ किलोमीटरने चढतो. ५५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन तो ताशी ९ किलोमीटरने चढवील. एक किलोमीटरच्या चढात एक मिनिटही वाचत नाही!

मग टर्बोचा फायदा कोणाला? हंगामभर दूरच्या कारखान्याला खेपा करणाऱ्याला, ज्याचे इंजिन तासन् तास पूर्ण भारावर चालते त्याला. नांगरणी, पेरणी आणि हंगामात थोड्याफार खेपा एवढेच काम असेल, तर साधे इंजिन पुरते आणि त्याची दुरुस्तीही गावात होते. ओल्या काळ्या रानातून ट्रॉली निघत नाही ती बहुधा इंजिनाच्या कमजोरीने नव्हे, तर चाकाची पकड सुटल्याने. तेथे टर्बो काही करू शकत नाही. शिवाय कमी फेऱ्यांवर टर्बोचा जोर लागतच नाही.

टर्बोची पथ्ये

१) टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्याला इंजिनाच्याच ऑईलचा आधार असतो. पुस्तिकेत सांगितलेलेच ऑईल वापरावे व वेळेवर बदलावे.

२) भार ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑईल जळून काजळी धरते.

३) उसाच्या फडातली धूळ फार. एअर क्लीनर वेळच्या वेळी साफ करावा. काळा धूर दिसल्यास प्रथम हवेची वाट तपासावी. निळा धूर दिसल्यास ऑईल जळत आहे असे समजावे.

४) जुन्या साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो बसवून घेऊ नये. ते पिस्टन व हेड गॅस्केट त्या दाबासाठी केलेले नसतात.

चढवले, पण उतरवायचे कसे?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. चढावर जो एक टन मागे ओढत होता, तोच उतारावर मागून ढकलतो. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला येताना एकूण उतारच आहे. टर्बो भार ओढतो, थांबवत नाही. उतारावर टर्बो इंजिन त्याच आकाराच्या साध्या इंजिनापेक्षा अधिक धरून ठेवत नाही. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर ती ट्रॅक्टरला आडवे करते, आणि चालकाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये. रस्त्यावर डाव्या-उजव्या ब्रेकची पायडले एकमेकांना जोडलेली ठेवावीत. हुकाची पिन, टायर आणि ट्रॉलीचे मागचे लाल रिफ्लेक्टर रोज पाहावेत.

टर्बोच्या जादा किमतीत ट्रॉलीचे ब्रेक आणि चांगले टायर होत असतील, तर बंधूंनो, पहिला खर्च त्यांवर करावा. ट्रॅक्टरचे कर्ज पुढच्या हंगामात फेडता येते. चालकाच्या जिवाची भरपाई मात्र कोणत्याही हंगामात होत नाही.