पाठीवरचे गोल डाग आणि खिशातल्या चार कॅप्सूल

नोएडातल्या माझ्या घरातून बोलतो आहे, त्यामुळे मध्येच भाजीवाल्याची हाक आली तर सांभाळून घ्या. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठून कुठून तुम्ही ऐकता आणि वर आमच्या तब्येतीची चौकशीही करता. आज तब्येतीवरच बोलतो.

माझी पाठ जुनी दुखणेकरी आहे. नव्वदच्या दशकात द्रासकडे जाताना आमची जोंगा रस्त्यावरून खाली घसरली. हाड मोडले नाही, पण कंबर तेव्हापासून हवामान खात्यासारखी आहे. थंडी पडणार असली की आधी तिला कळते. नोकरीत असताना एमआय रूममध्ये जायचे, आरएमओकडून गोळी घ्यायची आणि परत परेडला उभे राहायचे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि वेळ मिळाला की माणूस उपचार शोधतो.

२०२३च्या मार्चमध्ये सोसायटीतल्या एका मित्राने कपिंगचे नाव काढले. दिल्ली परिसरात याचे बोर्ड आता गल्लोगल्ली दिसतात. कुठे ‘कपिंग’, कुठे ‘हिजामा’. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे लालजांभळे गोल डाग टीव्हीवर दिसले, तेव्हापासून तरुण मुलांना हे फार आधुनिक वाटते. मला हसू आले, कारण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या आजोबांना वैदू तुंबडी लावायचा. गाईचे शिंग, टोकाला भोक, तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बंद करायचे. मी पाच-सहा वर्षांचा असेन. आजोबा पालथे पडलेले, पाठीवर शिंगे उगवलेली आणि मी दाराआडून बघतोय.

तुंबडी हा शब्दच मुळी भोपळ्याचा. सुश्रुतसंहितेत रक्त काढायच्या साधनांमध्ये शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा, अशी तिन्ही येतात. भोपळ्यात दिवा पेटवून तो अंगाला लावायचा. आत हवेचा दाब उतरतो आणि कातडी वर ओढली जाते. आज दवाखान्यात स्पिरिटचा बोळा पेटवून काचेचा कप लावतात, त्याचे तत्त्व तेच. पिस्तुलासारखा पंप असतो तिथे आगीचीही गरज नाही. सुश्रुताने आणखी एक सांगून ठेवले आहे. राजे, श्रीमंत, मुले, म्हातारे, भित्रे, दुबळे अशांसाठी सौम्य म्हणून जळू वापरावी. म्हणजे माणूस बघून उपचार ठरवा. आपण राजे नसलो तरी म्हातारे आहोत, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

युनानीत यालाच हिजामा म्हणतात. कोरडा तो ‘बिला शर्त’, रक्त काढायचा तो ‘बिश शर्त’. ही शर्त आपली पैजेची नव्हे, अरबीत तिचा अर्थ छेद. दिल्लीत या विद्येला घर आहे. करोल बागेत हकीम अजमल खान यांचे तिब्बिया कॉलेज आहे. १९१६ साली लॉर्ड हार्डिंगने त्याची पायाभरणी केली आणि १९२१ साली उद्घाटन गांधीजींनी केले. आयुर्वेद आणि युनानी दोन्ही तिथे शिकवतात. डिसेंबर २०२२मध्ये गाझियाबादला केंद्र सरकारची राष्ट्रीय युनानी संस्था सुरू झाली. बीयूएमएस ही पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. हे अशासाठी सांगतो की बोर्ड लावून बसलेला प्रत्येक जण ही साडेपाच वर्षे शिकलेला असतोच असे नाही. मी ज्याच्याकडे गेलो त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रे भरपूर होती. मी एकही वाचले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रे तपासली आणि इथे चष्मा खिशातच राहिला.

पहिल्या दिवशी सहा कोरडे कप लागले. कातडी ताणली जाते, जरा जळजळ होते, मग ऊब येते. वीस मिनिटांनी उठलो तो कंबर हलकी. खोटे कशाला बोलू? त्या रात्री मी कूस न बदलता झोपलो. कंबर आणि मानेच्या दुखण्यावर कपिंगने थोड्या काळासाठी आराम पडतो असे काही अभ्यासांत दिसलेही आहे. ते अभ्यास बहुतेक लहान आहेत आणि एक अडचण कायमची आहे. पाठीवर कप लागलाय की नाही हे रुग्णापासून लपवणार कसे? त्यामुळे कपाचा गुण किती आणि कोणीतरी वीस मिनिटे आपल्याकडे लक्ष दिल्याचा गुण किती, हे वेगळे काढणे कठीण. मला त्या रात्री या वादाशी देणेघेणे नव्हते. झोप लागली होती.

आता पुढची गोष्ट. आराम खरा होता, म्हणून त्या माणसाने बरोबर जे जे सांगितले ते सगळे मी खरे धरले.

कपाचे डाग म्हणजे कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटून साकळलेले रक्त. ते साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. माझे तीन आठवडे झाले तरी गडदच. तो म्हणाला, “कर्नल साहब, अंदर बहुत गंदगी है. अब खून वाला करना पड़ेगा.” शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या कपातले काळपट, घट्ट रक्त त्याने मला दाखवले. म्हणे हेच ते विष.

विचार करा. प्रयोगशाळेत शिरेतून काढलेले रक्तही गडदच असते. ते कपात थोडा वेळ राहिले की गोठून जेलीसारखे होते, तुमचे असो की माझे. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या कारखान्यापुढे कपातले चार चमचे काय उपसणार? पण हा हिशेब मी नंतर केला. तेव्हा मान हलवली.

माझे डाग का जात नव्हते याचे उत्तर माझ्याच डबीत होते. ऑक्टोबर २०२२मध्ये माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे. तेव्हापासून रोज क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिनची एकत्र कॅप्सूल, ज्याला आपण रक्त पातळ करणारी गोळी म्हणतो. गोळी चालू असल्याने रक्त साकळले ते पसरत राहिले. त्याने पहिल्या भेटीत काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. कंबरेचा आणि हृदयाचा काय संबंध, असे वाटले. रक्त काढायचे ठरल्यावर मात्र त्याने विचारले, आणि मी सांगताच तो सहज म्हणाला, “पाँच दिन बंद कर दीजिए, कुछ नहीं होता.”

शनिवारची वेळ ठरली. मी सोमवारपासून कॅप्सूल बंद केली. पत्नी रोज सकाळी हातावर ठेवायची, मी पाणी प्यायचो आणि कॅप्सूल शर्टाच्या खिशात. बासष्ट वर्षांचा माणूस, पलटण सांभाळलेला, शाळकरी पोरासारखा औषध लपवत होता. तिला सांगितले असते तर ती डॉक्टरांना फोन करेल हे मला माहीत होते. म्हणजे चूक आहे हेही कुठेतरी माहीत होते.

गुरुवारी संध्याकाळी तिने कपडे मशीनमध्ये टाकायला घेतले. बाहेर आली ती तळहातावर चार कॅप्सूल घेऊन. ओरडली नाही. म्हणाली, “अहो, लेहला होतात तेव्हा मी पत्राची वाट बघायचे. आता समोर बसलेल्या माणसाची बातमी मला खिशातून कळायची का?” आणि फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी सगळे ऐकूनही घेतले नाही. “सर, पहले दवा लीजिए. अभी. मैं लाइन पर हूँ.” मग समजावले. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचे आतले अस्तर चढायला महिने लागतात. तोवर रक्तातल्या बिंबिकांना ती परकी वाटते आणि त्या तिला चिकटू पाहतात. गोळी त्यांना रोखते. ती अवेळी थांबवली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि तेव्हा दवाखान्यात पोहोचायला वेळ मिळेलच असे नाही. माझ्या स्टेंटला तेव्हा पाच महिने झाले होते. मला वर्षभर सांगितले होते.

मला काही झाले नाही. यात माझे शहाणपण शून्य. नशीब आणि कपडे धुण्याचा वार.

शनिवारी मी तिकडे गेलो नाही. आपल्याकडे ‘तुंबडी भरणे’ असा वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ त्या आठवड्यात पैशांसकट कळला. पण सगळ्या हकिमांना मी एका रांगेत उभे करणार नाही. नंतर एका शिकलेल्या युनानी डॉक्टरांशी बोललो. त्यांनी नावाआधी औषधे विचारली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, रक्तक्षय असेल, साखर ताब्यात नसेल तर ते रक्ताचा हिजामा करत नाहीत. आणि ब्लेड रुग्णासमोर नवे फोडतात, कारण वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही काहीही येऊ शकते. कप लावताना पहिल्याने यातले एकही विचारले नव्हते.

कंबरेचे म्हणाल तर आता फिजिओथेरपी आणि रोजचा अर्धा तास व्यायाम. मधूनमधून कोरडे कपही लावून घेतो, माझ्या डॉक्टरांना विचारून, दोन-तीनच, हलक्या दाबाने. बरे वाटते. डाग पडले की पत्नी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवते.

आणि हो, माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे आता मशीनमध्ये जाण्याआधी तपासले जातात. परवा बसचे तिकीट सापडले, तरी चौकशी झाली.

तुमचे प्रश्न आलेत, ते घेऊ. पहिला भोपाळच्या एका ताईंचा आहे, त्यांच्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि गुडघ्याला रक्ताचे कप लावायचे म्हणतात. ताई, आधी सांगा, साखर शेवटची कधी तपासली?