हायकोर्ट भाऊसिंगजी रोडवर

बँकेत असताना रिटची फाईल घेऊन मी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जायचो. बहुतेकदा नुसती पुढची तारीख मिळायची. बँकेला भाडं परवडायचं. सांगोल्याच्या शेतकऱ्याचं काय? १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं भाऊसिंगजी रोडवर बसतंय, सोलापूर-सिंधुदुर्गासह सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षं लढा दिला. (आपल्या सोसायटीचा वाद मात्र आधी सहकार न्यायालयात, मग अपिलात, तरी मिटला नाही तरच इथं. तेव्हा पार्किंगवरून घाई नको!) सर्किट बेंच राज्यपालांच्या मंजुरीने मुख्य न्यायमूर्ती नेमतात, कायम खंडपीठाला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. त्याचीच आता वाट पाहतोय.